सार्वकालिक जीवन : ‘मिळेल’ कीं ‘मिळालें आहे’?

शास्त्रपाठ : योहान ३:१-१८, ५:१९-२९, ११:१७-२७. जोडीस १ योहान ५:९-१३.

परभणी जिल्ह्यांत गोदावरीच्या आसपास जीं गांवें आहेत, तेथील आपल्या मंडळीच्या लोकांस एक देखावा लहानपणापासून ओळखीचा आहे. शेजारीं कोणाच्या घरीं मृत्यु घडला कीं रक्षा घेऊन आप्तमंडळी गंगाखेडास जातात. त्या गांवास लोक दक्षिणकाशी म्हणतात. संत जनाबाईचें जन्मस्थानही तेंच. दहाव्या दिवशीं पिंड ठेवितात, आणि कावळा केव्हां शिवतो याची वाट पाहात सर्व बसून राहातात. मेलेल्याचें पुढें काय झालें, ही विवंचना त्या वाट पाहण्यांत असते. आपले शेजारी हें सर्व मनापासून करितात. त्याची थट्टा करणें हें उपदेशकाचें काम नव्हे. त्यांच्या त्या विवंचनेस आपणापाशीं काय उत्तर आहे, एवढेंच आपण पाहावें.

आतां अशी कल्पना करा. एका गांवीं आपल्या मंडळींतील एक बाई विधवा झाली. तिचा बाप्तिस्मा होऊन सहा वर्षें झालीं होतीं. नवरा उपासनेस येऊन दाराशीं बसे, गीतें गाई, आणि येत्या नाताळांत बाप्तिस्मा घेण्याचें त्यानें ठरविलें होतें. दिवाळीनंतर त्यास ताप आला व तो गेला. भाऊबंद म्हणाले, “आमचा विधि नाहीं, तुमचा शिक्का नाहीं; आतां तो कोणीकडचा?” बाई उपदेशकास विचारते, “मास्तर, त्यांना तें जीवन मिळालं का? अन् मला तरी मिळंल ना?” उपदेशक घाईनें म्हणतो, “मिळेल, अक्का, मिळेल.” आणि तो उठून जातो.

तिच्या पहिल्या प्रश्नाकडे आपण मागाहून येऊं. आधीं उपदेशकाच्या ‘मिळेल’ या शब्दाकडे पाहूं, कारण आपणांपैकीं पुष्कळांच्या तोंडीं हाच शब्द बसलेला आहे. तो खोटा नाहीं, परंतु अर्धा आहे. आणि अर्ध्या उत्तरानें त्या बाईची रात्र जावयाची नाहीं.

योहानाचें शुभवर्तमान उघडून क्रियापदें तपासा. तिसऱ्या अध्यायाचें शेवटचें वचन, पांचव्याचें चोविसावें, सहाव्याचें सत्तेचाळिसावें, या तीनही ठिकाणीं काळ भविष्य नाहीं, वर्तमान आहे. जो पुत्रावर विश्वास ठेवितो त्याजपाशीं हें जीवन आहे, असें तेथें सांगितलें आहे. पुढें कधीं तरी येईल, असें नाहीं. पांचव्या अध्यायांत तर याहूनही पुढें जाऊन असें म्हटलें आहे कीं, असा मनुष्य मरणांतून निघून जीवनांत येऊन पोंचलेला आहे. मूळ ग्रीक भाषेंत तें क्रियापद पुऱ्या झालेल्या कामाचें आहे. पुराच्या दिवसांत होडींतून पैलतीरास उतरलेला मनुष्य “मी उतरेन” असें म्हणत नाहीं. त्याच्या पायांखालीं आतां दुसरी जमीन असते.

याचा अर्थ पुढें कांहींच उरलें नाहीं, असा मात्र कोणीं घेऊं नये. त्याच पांचव्या अध्यायांत, कबरेंतील लोक प्रभूची वाणी ऐकून बाहेर येतील, असें सांगितलें आहे. आणि सहाव्या अध्यायाच्या चाळिसाव्या वचनांत तर दोन्ही गोष्टी शेजारीं शेजारीं ठेविल्या आहेत : विश्वास ठेवणाऱ्यास जीवन आहे, आणि शेवटल्या दिवशीं प्रभु त्यास उठवील. म्हणजे बीं रुजलें आहे, सुगी पुढें आहे. परंतु जें रुजलेंच नाहीं त्याची सुगी कसली?

बेथानी गांवची मार्था आपल्या त्या उपदेशकासारखीच बोलली. भाऊ मेला होता, चार दिवस झाले होते. प्रभूनें म्हटलें, तुझा भाऊ उठेल. तिनें शिकलेलें उत्तर दिलें : होय, शेवटल्या दिवशीं उठेल हें मला ठाऊक आहे. उत्तर बरोबर होतें. कोणत्याही परीक्षेंत त्यास पूर्ण गुण मिळाले असते. तरी प्रभु तेवढ्यावर थांबला नाहीं. त्यानें तिचें लक्ष दिवसावरून काढून स्वतःकडे वळविलें. पुनरुत्थान व जीवन हें पंचांगांतील एखाद्या तिथीचें नांव नसून समोर उभ्या असलेल्या व्यक्तीचें नांव आहे, असें त्यानें तिला सांगितलें, आणि लगेच विचारलें कीं, तुझा यावर विश्वास आहे काय?

‘जीवन’ या शब्दाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. नव्या करारांत आपण जेथें जेथें ‘जीवन’ किंवा ‘उपजीविका’ असें वाचतों, तेथें मूळांत दोन निरनिराळे शब्द आढळतात. एक ‘बिऑस’. उधळ्या पुत्राच्या बापानें मुलांत वांटून दिली ती मालमत्ता म्हणजे बिऑस. गरीब विधवेनें दानपेटींत टाकिली ती तिची सारी उपजीविका म्हणजेही बिऑस. दुसरा शब्द ‘झोए’. सार्वकालिक जीवन म्हणतांना शास्त्रांत नेहमीं हा दुसरा शब्द येतो. आणि ‘सार्वकालिक’ याच्या मूळ शब्दांत युगाचा अर्थ आहे. यहुदी लोक एक चालूं युग व एक येणारें युग मानीत. तेव्हां येणाऱ्या युगाचें जीवन या चालूं युगांतच मनुष्याच्या हातीं येतें, ही शुभवर्तमानांतील नवी गोष्ट होय. तें केवळ लांबलचक आयुष्य नव्हे. दुःखाचें आयुष्य कितीही लांबविलें तरी त्याचें सुख होत नाहीं, हें आमच्या म्हाताऱ्या माणसांस सांगावयास नको. हें जीवन कशांत आहे तें योहान १७:३ मध्यें प्रभूनें प्रार्थना करितांना सांगितलें आहे : खऱ्या देवास, आणि त्यानें पाठविलेल्या ख्रिस्तास, ओळखणें. जशी बायको नवऱ्यास ओळखते, जसें लेंकरूं आईच्या पावलांचा आवाज ओळखतें, तशी ही ओळख आहे.

आपले शेजारी मोक्ष किंवा मुक्ति हा शब्द वापरितात. जन्ममरणाच्या फेऱ्यांतून सुटणें असा त्याचा अर्थ. सुटण्यावर तेथें भर आहे, जीवन या शब्दांत मिळण्यावर आहे. परंतु येथें उपदेशकानें सावधपणें बोलावें. ज्या मातींत जनाबाई जन्मली, आणि ज्या जिल्ह्यांत १९९९ पर्यंत नामदेवांचें नरसी होतें, तेथील वारकरी मनुष्य कोरड्या मुक्तीपेक्षां देवाच्या सहवासाची गोडी अधिक मानितो. त्याजपाशीं वाद घालीत बसूं नये. देवाची ओळख व सहवास हेंच सार्वकालिक जीवन आहे, असें त्यास सांगावें, आणि ती ओळख ख्रिस्ताच्या द्वारें कशी होते तें योहानांतून वाचून दाखवावें. पुष्कळ वेळां तो शेजारी आपल्या मंडळींतील एखाद्या निजलेल्या सभासदापेक्षां अधिक लक्ष देऊन ऐकतो.

आतां ‘विश्वास’. या शब्दांत आमच्या लोकांची मोठी फसगत होते, ती जुन्या नवसाच्या संवयीमुळें. “देवा, मी तुजवर विश्वास ठेवितों, तूं माझा कापूस पिकीव,” असा सौदा मनांत चालूं असतो. मग बोंडअळी पडली, किंवा सोयाबीन काढणीला आलें असतां पाऊस लागला, कीं मनुष्य म्हणतो, माझा विश्वास फुकट गेला. त्याचा विश्वास फुकट गेला नाहीं. तो विश्वासच नव्हता, नवस होता. पिकासाठीं प्रार्थना अवश्य करावी. परंतु प्रभूनें वचन दिलें तें झोए देण्याचें. बिऑस त्यानें बापाच्या हातीं सोंपवावयास शिकविलें.

विश्वास म्हणजे काय हें पाथरी, मानवतकडील शेतकऱ्यांस समजावून सांगणें अवघड नाहीं. पैठणच्या जायकवाडी धरणाचा पाया १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनीं घातला, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. तेथून निघालेला सुमारें २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा आपल्या जिल्ह्यांत येतो. ज्याच्या शेताजवळून चारी गेली आहे त्याला पाळीच्या रात्रीं काय करावें लागतें? दारें धरावें लागतें. खांद्यावर खोरें, हातांत कंदील किंवा बॅटरी, आणि वाफ्याच्या तोंडची माती ओढून वाट मोकळी करावयाची. पाणी त्यानें निर्माण केलें नाहीं. धरण त्यानें बांधलें नाहीं. त्याच्या खोऱ्यांत एक थेंबही नव्हता. तरी त्यानें दारें मोडलें नसतें तर पाणी बांधाशेजारून वाहून गेलें असतें, आणि ज्वारी उभीच सुकली असती. विश्वास हें तें दारें मोडणें होय. त्यांत पुण्य नाहीं, पराक्रम नाहीं. “मी किती उत्तम माती ओढिली” असा गर्व सकाळीं कोणी सांगत नाहीं. इफिस येथील मंडळीस पौलानें हेंच लिहिलें (इफिस २:८, ९) : तारण कृपेचें आहे, विश्वास ही तें घेण्याची रीति आहे, आणि बढाईस जागा नाहीं.

परंतु हा दृष्टांत एका ठिकाणीं तुटतो, आणि तो कोठें तुटतो हें कालव्याच्या शेपटाकडील गांवांस आम्हांपेक्षां अधिक ठाऊक आहे. धरण आटलें कीं पाळी येत नाहीं; वरच्या अंगाचे लोक पाणी घेऊन संपवितात आणि खालचा शेतकरी कोरडी चारी पाहात बसतो. म्हणून शोमरोनी स्त्रीशीं बोलतांना प्रभूनें कालव्याची उपमा घेतली नाहीं. मी देईन तें पाणी घेणाऱ्याच्या आंत झरा होऊन राहील, असें तो म्हणाला (योहान ४:१४). ज्या विहिरीस जिवंत झरा आहे तिला पाळीची वाट पाहावी लागत नाहीं.

आतां अशी एक गोष्ट सांगावयाची आहे कीं, जी विशेषतः बाप्तिस्मा घेऊन पुष्कळ वर्षें झालेल्यांनीं ऐकावी.

पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ सालीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकामुलांस घेऊन ते क्षेत्रोक्षेत्रीं पायीं फिरत, देवळांत व नदीच्या घांटावर पुराणें वाचीत, आणि त्यापासून मिळेल तें खाऊन, उरेल तें दान करून पुण्य जोडीत. रमाबाईंचें बाळपण या वाटचालींत गेलें. पुढें दुष्काळ पडला. थोड्या महिन्यांच्या अंतरानें वडील, आई आणि थोरली बहीण अन्नावांचून गेलीं. रमाबाई व त्यांचे बंधु चालत राहिलीं. १८७८ सालीं कलकत्त्यास तेथील विद्वानांनीं बाईंस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तोंपर्यंत तीर्थांवरील त्यांची श्रद्धा पार उडाली होती, पण तिच्या जागीं दुसरें कांहीं आलें नव्हतें. भाऊ वारला, लग्न झालें, आणि दोन वर्षांच्या आंत, १८८२ सालीं, पतीही पटकीनें वारले. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज या गांवीं रमाबाईंनीं व त्यांच्या लहान मनोरमेनें बाप्तिस्मा घेतला.

आपण येथेंच गोष्ट संपवितों. बाप्तिस्मा झाला, नांव वहींत लिहिलें गेलें, झालें. रमाबाईंनीं तसें केलें नाहीं. १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षींत त्यांनीं स्वच्छ कबुली दिली आहे कीं, बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांस कळून आलें कीं आपणांस ख्रिस्ती धर्म तर सांपडला, पण त्या धर्माचा जीव जो ख्रिस्त तो अजून सांपडलेला नाहीं. आठ वर्षें! आणि तीं कांहीं आळसांत गेलीं नव्हतीं. त्याच काळांत त्या अमेरिकेंत गांवोगांव फिरून हिंदु विधवांसाठीं बोलल्या, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस त्यांनीं शारदासदन उघडलें. सत्कर्में होतीं, शास्त्राचें ज्ञान होतें, बाप्तिस्मा होता. तरी आंत समाधान नव्हतें, आणि तें नाहीं हें ओळखण्याइतका प्रामाणिकपणा त्यांजपाशीं होता.

या शोधांत असतां हॅस्लम नांवाच्या एका इंग्रज पाळकाचें आत्मचरित्र त्यांच्या हातीं आलें. ‘मरणांतून जीवनांत’ असा त्याच्या नांवाचा अर्थ. हा पाळक दीक्षा घेऊन कित्येक वर्षें उपदेश करीत होता. १८५१ सालीं एका रविवारीं कॉर्नवॉल प्रांतांतील आपल्याच देवळांत, ‘ख्रिस्ताविषयीं तुम्हांस काय वाटतें’ या प्रश्नावर उपदेश करीत असतां, उपदेशपीठावर उभ्या उभ्याच त्याचे स्वतःचे डोळे उघडले. इतरांस दार दाखविणारा स्वतः बाहेरच उभा होता, हें त्याच्या ध्यानीं आलें. ऐकणाऱ्यांपैकीं एकानें तें ताडलें व तो मोठ्यानें ओरडला कीं, पाळकाचाच पालट झाला! उपदेशक बंधूंनो, ही गोष्ट वाचून हंसूं येतें, आणि मग हंसूं थांबतें.

रमाबाईंनीं यानंतर काय केलें? नवें व्रत घेतलें नाहीं, दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला नाहीं. आपणापाशीं देण्यासारखें कांहीं नाहीं हें कबूल करून, आहों तशाच त्या ख्रिस्ताकडे आल्या व त्याच्या वचनावर टेंकल्या. चारी आठ वर्षांपूर्वींच खणून झाली होती. दारें आतां मोडलें.

तेव्हां त्या विधवेच्या प्रश्नाकडे परत जाऊं. जर बाप्तिस्मा होऊनही मनुष्य जीवनाबाहेर राहूं शकतो, तर बाप्तिस्मा होण्यापूर्वीं तें जीवन कोणास मिळूं शकेल काय? याचें उत्तर लूक २३:३९-४३ मध्यें वधस्तंभावर टांगलेलें आहे. त्या अपराध्यास बाप्तिस्मा मिळाला नाहीं, प्रभुभोजन मिळालें नाहीं, नाडलेल्यांचें परत करावयास त्याचे हात मोकळे नव्हते, कोठें जावयास पाय मोकळे नव्हते. जीभ तेवढी मोकळी होती. तिनें त्यानें एक विनंति केली. त्यास मिळालेल्या उत्तरांत ‘कधीं तरी’ असा शब्द नाहीं. ‘आजच’ असा आहे.

म्हणून बाप्तिस्मा क्षुल्लक ठरत नाहीं. तो प्रभूची आज्ञा आहे, आणि प्रेषितांच्या आठव्या अध्यायांतील कूशी अंमलदारानें विश्वास बसतांच वाटेवरचें पाणी पाहून स्वतः होऊन तो मागितला. ज्यास सवड आहे, आणि जो भाऊबंदांच्या किंवा कागदपत्रांच्या भीतीनें वर्षानुवर्षें तो पुढें ढकलतो, त्यानें त्या अपराध्याच्या आड लपूं नये. परंतु शिक्का म्हणजे पत्र नव्हे. ज्याचें पत्र लिहून झालें होतें, व शिक्का मारण्यापूर्वीं जो बोलावला गेला, त्यास शिक्क्यासाठीं देव परत पाठवील, असें मानण्यास शास्त्रांत आधार नाहीं.

तरी उपदेशकानें त्या बाईस “तो नक्की स्वर्गांत आहे” असें छातीठोकपणें सांगूं नये. दुसऱ्याचें अंतःकरण वाचण्याचें काम आपणांस दिलेलें नाहीं. तिच्यापाशीं बसावें. तापांत तो काय बोलला, कोणाचें नांव घेतलें, तें तिलाच विचारावें, आणि तिला सांगूं द्यावें. पुष्कळदां उत्तर तिच्याच बोलण्यांतून निघेल. मग अपराध्याची गोष्ट वाचावी. आणि तिच्या दुसऱ्या प्रश्नास मात्र न अडखळतां उत्तर द्यावें. कारण योहानानें आपलें पहिलें पत्र, पुत्रावर विश्वास ठेवणाऱ्यांस आपणांस जीवन आहे हें कळावें म्हणूनच लिहिलें (१ योहान ५:१३). “अक्का, तुम्ही त्याजवर टेंकलां आहां ना? तर मिळेल नव्हे, मिळालें आहे.”

हें कळावें कशावरून, असें कोणी विचारील. स्वप्न पडावें लागतें काय? अंगांत कांपरें भरावें लागतें काय? योहानानें खूण दिली आहे ती फार साधी, आणि आम्हांस फार जड जाणारी आहे. मरणांतून जीवनांत आलों हें आम्हांस ठाऊक आहे, कारण आम्ही बंधूंवर प्रीति करितों, असा १ योहान ३:१४ चा अभिप्राय आहे. आमच्या कित्येक मंडळ्यांत पूर्वींच्या दोन वस्त्यांचे लोक आहेत. ते एका वेदीपाशीं प्रभुभोजन घेतात, परंतु लग्नाच्या पंगतीस दोन रांगा बसतात. सोयरीक तर नाहींच नाहीं. पाळकबाबा आले म्हणजे रांगा जवळ येतात, व ते गेले म्हणजे पुनः लांब जातात. अशा मंडळीनें सार्वकालिक जीवनाचीं गीतें कितीही मोठ्यानें गाइलीं तरी योहानाची खूण तिला लागूं पडत नाहीं. हें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो. पण पाठांतून हें वचन गाळतां येत नाहीं.

रमाबाईंच्या पुढील आयुष्यांत ही खूण उघड दिसते. मध्यप्रांतांतील १८९७ च्या दुष्काळांत त्या उपाशी मुली शोधीत फिरल्या व त्यांस घेऊन आल्या. जात पाहिली नाहीं. केडगांवच्या त्या वसतीस त्यांनीं ‘मुक्ति’ हेंच नांव दिलें. खेड्यांतील बायकांस समजेल अशा सोप्या मराठींत सारें बायबल उतरावें, म्हणून वय झालें असतां त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमा वारली. एकुलती एक मुलगी, आणि संस्थेचें काम पुढें चालवील अशी आशा जिच्यावर होती ती. आई शास्त्राच्या कामाशीं परत जाऊन बसली. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईही गेल्या. तोंपर्यंत भाषांतराचें काम त्यांनीं हातावेगळें केलें होतें. पूर्ण बायबल १९२४ सालीं मुक्तीच्या छापखान्यांतून बाहेर पडलें.

हा पाठ घेतेवेळीं उपदेशकानें योहान ११:१७-२७ हा भाग सावकाश वाचावा, आणि सव्विसाव्या वचनाच्या शेवटीं प्रभूचा प्रश्न आला म्हणजे थांबावें. मार्थेचें उत्तर लगेच वाचूं नये. बसलेल्यांस थोडा वेळ द्यावा. कोणी उत्तर देतील, कोणी खालीं पाहातील. कोणास आग्रह करूं नये. मग मार्थेचें उत्तर वाचून प्रार्थना करावी. ज्यांनीं खालीं पाहिलें त्यांच्या घरीं त्याच आठवड्यांत जावें. कापूस वेंचणीचे दिवस असल्यास दिवे लागल्यावर जावें, कारण त्यापूर्वीं घरीं कोणी भेटावयाचें नाहीं.